नातीच्या ओंजळीतला बेलभंडारा

माझं माह्यार मेढ्याकडं, डोंगरात. लगीन होऊन तासगावकडं आले तवा द्राक्षाचा येल असतोय का झाड, हेबी ठावं नव्हतं मला, आन् काय सांगू तुमाला, आता बेदाणा निवडण्यात तीस वर्सं गेली. हातात घेतला की कळतंय, आत सडका हाय का काय. पोराचं कळलं न्हाई आसं म्हणायची मातर सोय न्हाई. कळत हुतं.

विकास माझा एकुलता. सून रेश्मा, विट्याकडची, लय गरीब सोभावाची. तो तिला मारायचा आन् मी टीव्हीचा आवाज वाढवायची. हे कोर्टात कुणी इचारलं न्हाई, तुमालाच सांगती. एका दुपारी त्यानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं, नात माझी, सई, तिथंच भात खात बसलेली. रेश्मा दोन दिसांनी दवाखान्यातच वारली. पोलिसांना मीच सांगितलं, जिन्यावरनं पाय घसरला.

सईलाबी तेच शिकवलं. केस उभी राहिली तवा ती आठ वर्साची, माझ्याजवळच हुती. पोर कोर्टात गडबडंल म्हणून आदल्या दिशी देव्हाऱ्यापुढं बसवलं, ओंजळीत बेल ठेवला, वर भंडारा टाकला. आमच्यात बेलभंडारा उचलला की शब्द फिरवायचा नसतोय, फिरवला तर देव घरावर कोपतोय. म्हणलं, आई जिन्यावरनं पडली, आसंच म्हणायचं. ती म्हणली, पण आज्जी, आई तर... मी म्हणलं, उचललायस न्हवं आता? मग बिचारीनं तसंच म्हणून दावलं.

कोर्टात तिनं तसंच सांगितलं. रेश्माच्या बाजूच्या सरकारी वकिलानं इचारलं, बाळा, आसं बोल म्हणून कुणी सांगितलं का? तर म्हणली, मी बेलभंडारा उचललाय, दुसरं बोलता येत न्हाई मला. त्या जजसाहेबांनी ते मनावर घेतलं न्हाई. विकास सुटला आन् मी, आवं, पेढे वाटले मी गल्लीत.

रेश्माच्या वडलांनी हायकोर्टात अपील केलं. तिथल्या साहेबांनी पोरीचं तेच एक वाक्य धरलं. खरं बोलणाऱ्या लेकराला घरी शपथ कशाला घालावी लागती, आसं निकालात लिवलंय म्हणं, वकिलानं वाचून सांगितलं. डोक्याचा मार जिन्यावरनं पडल्याचा न्हाई, आसा डॉक्टरचा कागदबी हुताच. विकासला शिक्षा लागली, सईचा ताबा आजोळी गेला. निकालात तुमचं नाव न्हाई, निस्तं आजी लिवलंय, वकील म्हणला, मला बरं वाटावं म्हणून. आजी लिवलंय, त्याचीच तर लाज वाटती ओ.

महिन्यातनं एक रविवार भेटायची मुभा हाय. एस्टीनं विट्याला जाती. इहीणबाई च्या देत्यात, एक शब्द वाकडा बोलत न्हाईत, माझी मान वर हुईत न्हाई. गेल्या खेपेला धीर केला. सईला म्हणलं, बाळा, आज्जी चुकली, आज्जीनं तुला खोटं बोलायला लावलं, तुझ्या आईला तुझ्या बापानंच मारलं. पोरगी हळूच म्हणली, आता आसं म्हणायचं का आज्जी?

सुखी ऱ्हा बाई, एवढंच म्हणलं आन् उठले.