होडीचं कुंकू

मी झाई गावची. आई बोंबील सुकवून विकायची, आणि मला नरपडला दिली तवा मी तेरा-चौदाची असेन. आमच्यात अडचणीच्या बाईनं होडीला हात लावायचा नाय, दर्या कोपतो बोलतात. पावसाळा सरला की होडी पाण्यात लोटताना तिला कुंकू लावायचं ते पाळी गेलेल्या सवाशिणीनं. तो मान सासूचा, मग मोठ्या जावेचा, आणि मी तीस वर्षं वाट बघितली, काय सांगू तुम्हाला ताई.

महाराष्ट्र-गुजरात वेगळं झालं त्याच्या पुढच्या वर्षी माझी पाळी गेली, पण अंगात आग लावून गेली. मासळी कापता कापता गळ्यातून वाफा निघायच्या, लुगडं भिजायचं, डोकं फिरायचं. बाजारात एकीनं टोपलीला पाय लावला तर तिची वेणी धरून चिखलात लोळवली. सुनेला उलथनं फेकून मारलं, भुवई फुटली पोरीची. नवरा डहाणूच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. मला तपासलं, बाहेर बसवलं आणि बोलणं सगळं त्याच्याशी. गोळ्या दिल्या. वाफा बसल्या, झोप लागायला लागली.

त्या वर्षी आम्ही वेगळी होडी घेतली, तिला मी कुंकू लावलं, सगळा गाव बघत होता. वळले तर सून हळूच बोलली, आई, मागे डाग. नवऱ्यानं ऐकलं. हातात वल्हं होतं, तेच घातलं, डावा हात कोपरात मोडला तरी मारतच राहिला, वल्हं मोडलं तवा थांबला.

डॉक्टरीण हात बांधताना बोलली, पाळी परत आली नाय गं, गोळ्यांनी असं रक्त दिसतं, तुझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो बोलला, असलं बायकांचं मी तोंडानं कसं सांगू. चारचौघात मारायची लाज नाय, सांगायची लाज. उजव्या हातानं तिथलं लोखंडी स्टूल उचललं नि घातलं त्याच्या डोक्यात. पाच टाके पडले. ते पण डॉक्टरणीनंच घातले.

होडीला काय झालं नाय, त्या वर्षी पापलेट भरून आलं. कोपला तो नवराच, दर्या नाय.

आता गोळ्या आणायला मी एकटी जाते. गोळ्यांचं असलं तरी रक्त ते रक्तच बोलतात, म्हणून आमच्या होडीलाही मोठी जाऊच कुंकू लावते. गोळ्या सोडल्या तर मान मला मिळेल, पण मग मी कुणाचा तरी जीव घेईन, पहिला त्याचाच. मान राहू दे तिच्याकडे. देव तिला शंभर वर्षं देवो, तिच्या नवऱ्यालाही.