आवळून धर

— मंग काहून म्हणतो आवळून धर? सांगतो ना बाप्पा! ढिल्या अंगाले तेल नुसतं वरून फिरते, फटीत उतरत नाई. अन् फटी नाई चमकल्या तं समोरच्या पंचाईले काय दिसन? वांगं! म्हून जिथं माहा हात, तिथं तू आवळ, अन् मी सोड म्हणत नाई तोवर सोडू नको. हां, अस्सं. बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर पहिल्यांदाच चढून राहिला ना तू? कळते राजा, रंग कसा लागला त्याच्यावरूनच कळते — मानेमागं पाह्य, गोरा पट्टा राहून गेला. आपल्या पाठीले आपला हात पुरत नाई, म्हून तं दर वर्षी तेल लावाले आम्हा तालमीतल्या म्हाताऱ्याईले अमरावतीहून अकोल्याले बोलावतेत. तुहे सर कुठं गेले? तुह्या नंबराचा बिल्ला आणाले? मीच धाडले ना! येतीन. कातडी पातळ दिसाले कालपासून पाणी सोडलं का? मीठही? शाब्बास. ओठ पाह्य कसे उलले, चैतातली काळी जमीन.

दंड वर कर. बेटकुळी काढ. अरे वा, गोठ्यातून वासरू बाहेर आलं! धर. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण तालमीच्या भिंतीवर एक तक्ता होता — कातडी सोललेला माणूस, लालभडक, आमच्या हेडमास्तरासारखाच रागीट — तो तक्ता मले तोंडपाठ. सहाशेच्या वर स्नायू असतेत म्हणे अंगात. कोणं मोजले कोण जाणे. मी एकदा मोजाले बसलो तं कमरेपर्यंत आलो अन् झोप लागली. सर्वात मोठा कोणता, सांग? छाती? ना बाप्पा! ज्याच्यावर बसते माणूस, तो. अन् सर्वात बारका कानात हाये, म्हातारे लय बोलाले लागले की तोच पह्यले थकते — हासू नको, हासलं की पोट ढिलं होते! पण एक गोष्ट तुले तुह्या सरानं नसन सांगितली. स्नायू ढकलत नाई, फकस्त ओढते. म्हून देवानं जोड्या लावल्या. दंडाच्या समोरच्यानं ओढलं की हात वाकते, मागच्यानं ओढलं की सरळ होते. एकानं आवळलं की दुसऱ्यानं ढिलं पडाव लागते. दोघंही आवळून बसले तं? हात जागच्या जागी कापते. नवरा-बायकोचंही तसंच. तुहं लगन झालं? नाई? जुळलं होतं म्हणतं… मोडलं. कोणं मोडलं? — राहू दे, तुह्या घरच्या गोष्टी मले काय कराच्या. छाती आवळ. धर.

आता हा सारा माल तुह्या हुकमातला हाये. दंड म्हटलं की दंड, मांडी म्हटलं की मांडी. काही मात्र कोणाच्या बापाचं ऐकत नाईत. काळीज घे — तोही स्नायूच. त्याले म्हण, थांब. थांबते? ना त्याले कोणी तेल लावत, ना पंच त्याच्याकडे पाहत, जनमभर ठोके मारून राहिला. अन् थकत काहून नाई, माहीत हाये? मधात सोडते. आवळलं की सोडलं, आवळलं की सोडलं. सोडणं हेच त्याचं जेवण. हे ध्यानात ठेव, कामी पडन. — तुले कोणं म्हटलं सोड? धर! मांडीवर तं आता आलो मी. पाय जरा बाहेर, गुडघा ताठ. असा कट काढ की पंचाईच्या डोयात भरला पाहिजे. जोरानं. अजून. शाब्बास माहा वाघ.

आता टाचा उचल. चवड्यावर उभा राय अन् धर. पोटरी! सारे छातीच्या मांगं लागतेत अन् पोटरीले विसरतेत. अन् पोटरी नसन ना राजा, तं माणूस उंबरठा चढू शकत नाई. माही नात हाये, पौर्णिमा. लहानपणी ताप आला तवा कोण्यातरी अडाण्यानं सुई भलत्याच जागी टोचली, पायाची शीर गेली. शिरंतून हुकूमच नाई पोचला तं स्नायू काय करन? वाळते. एक पोटरी बारीकच राहून गेली. पण पोट्टी धारणीकडच्या शाळेत मास्तरीण हाये! जीप नाई भेटली तं त्या दगडाधोंड्याच्या रस्त्यानं चालत जाते, एक पोटरी दोघीईचं काम करते — टाचा टेकवू नको!

काय झालं? मान बरी फिरली गर्रकन. हां. तोच मी, खुशालराव. तिच्या मायचा बाप. साक्षगंधाले तुह्या कपाळावर टिळा मीच लावला होता, जीवन. तवा ह्या ओठावर मिशी होती. काल काढली. न्हावी हातात वस्तरा घेऊन रडाले आला होता, म्हणे आबाजी, कोणी गेलं का घरातलं? म्हटलं नाई रे, एकाले भेटाले जाचं हाये. आता पौर्णिमाचं नाव काही इतक्यात काढाचं नव्हतं मले, पण हे तोंडाचे स्नायू — हुकमात कधीच नव्हते माह्या.

बोलू नको, टाचा उचलून धर. पाय आमी लपवला होता का? पाहाले आला त्याच दिवशी तिनं सोताच सांगितलं, अंगणात चालून दाखवलं. तू म्हणे, काही हरकत नाई. पेढे खाल्ले, साक्षगंध झालं, साऱ्या गावानं पाहिलं. अन् मंग तिवस्याच्या तुह्या काकाच्या तोंडून निरोप — शरीर कमावणाऱ्या पोराच्या बाजूले बारीक पोटरीची बायको उभी राहिली तं लोक हासतीन. लोक हासतीन! हे तुहे बोल मी गिळले नाई, तंबाखूसारखे गालात धरून ठेवले. परवा मी न सांगता घरात शिरलो तं पोट्टी आरशासमोर उभी, हातात शिवणाचा टेप, दोन्ही पोटऱ्या मोजून राहिली. मले पाहून लुगडं खाली सोडलं अन् म्हणे, काही नाई आबाजी, ब्लाउजचं माप हाये. ब्लाउजचं! पायाले!… हे तुले सांगाचं नव्हतं. हे इसर.

दंड हुंगून काय पाहतं? तेलात खाजकुयरी कालवली वाटलं? नाई त्याच्यात. आणली होती, खोटं काहून बोलू — मेळघाटातून येणाऱ्या एकापासून पुडीच बांधून घेतली होती. पण पौर्णिमाले दिसली. मोरीत ओतली तिनं अन् म्हणे, आबाजी, त्याच्या अंगाले काही लावसान तं माही शपथ. नातीची शपथ मोडन का मी? निव्वळ खोबऱ्याचं तेल हाये, चाटून पाह्य.

मंग मी काय केलं? तूच सांग ना. आल्यापासून काय करून राहिलो मी? दंड आवळ, धर. छाती आवळ, धर. मांडी धर, टाचा धर. अन् तू धरलं! अरे, तेल ढिल्या अंगालेही लागते राजा! पोळ्याले आमी बैलाचे खांदे मळतो, तो काय आवळून उभा राह्यते? काळीज काहून थकत नाई म्हटलं होतं? मधात सोडते. तुले सोडू देलं का मी एकदा तरी? अंगात पाणी नाई, मीठ नाई, अन् सारी स्पर्धा तू ह्या पडद्यामांगंच खेळून बसला — पंच मी एकटा. मांडीकडे पाह्य. पाह्य ना! पिंपळाच्या पानासारखी लटलट करून राहिली. तुह्या हुकमातली हाये ना? म्हण तिले, थांब. ऐकते? अन् स्टेजवर पोटरीत गोळा आला तं वाकून धरू नको हो. लोक हासतीन.

ऐकलं? तुहंच नाव पुकारलं. बिल्ला? हा घे, माह्या खिशातच होता. तुहे सर बिचारे सारं अकोला हिंडून राहिले असतीन. जा. अन् असं रडकं तोंड घेऊन नको जाऊ, पंच तोंडही पाहतेत. हास. हासाचे स्नायू तेवढे ताजे ठेवले मी तुहे. जा ना बाप्पा, पडदा सरकला.