छबू होती

—न्हाई, मला ठावं हाय तुमचं मौन हाय. तुमच्या ह्या बन्सीधरानं दारातच सांगितलं, महाराज दत्तजयंतीपतूर बोलत न्हाईत, पाया पड अन् जा. मी म्हणले, न्हाई बोलले तर न्हाई, बोलायचंय मला. तर पाया पडून झालं. आता ऐका. माळ ओढायलात तर ओढा, माळेनं काय कान बुजत न्हाईत.

मी भिवराबाई, राणीसावरगावची. मेंढरं हायेत आमची—सध्या तुमच्या ह्या बोरीच्या शिवारातच वाडा बसवलाय. माझा मालक तुमाला ठावा हाय. दिवाळीत तुमी बोलायचात तवा रोज पुढं येऊन बसायचा, लाल पटक्याचा, सारखी मान हलवायचा—सटवाजी. बघा, नाव घ्यायला लावलं तुमी. एरवी मी त्याला छबूचा बापच म्हणते. पर आता छबूचा बाप म्हणलं की त्यो वळून बी बघत न्हाई, म्हणून तर आले.

छबू आमची पोरगी. लय वर्सांनी झालेली. चालायला लागली तशी मेंढरांमागंच चालली, बापासारखी काठी खांद्यावर आडवी टाकून, अन् बाप थुंकला की ही बी थुंकायची. मागच्या हिवाळ्यात पिंगळीकडं होतो आमी, तिथं तिचा घसा धरला. हकीम झाला, अंगारा झाला, परभणीच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुपली—गाडीतच गेली. माझ्या मांडीवर. तिथंच एका शेताच्या कडंला पुरली अन् वाडा उठवला. मेंढरवाल्याला एका जागी बसून रडायला कुठं फुरसत हाय. तिचा बाप चालता चालता रडायचा. मेंढरं पाण्यावर घातली की रडायचा, भाकर मोडली की रडायचा, अन् मी त्याला धरून बसायची. मग इथं आलो अन् तुमी भेटलात. तुमी म्हणलात, हे जग स्वप्न हाय, झोपलेल्याला खरं वाटतंय, जागा झाला की काईच न्हाई. म्हणलात, काल निजामाचं राज होतं, केवढं थोरलं, आज दावा बरं कुठंय. लोकांनी माना हलवल्या. तवा त्यो उठून म्हणला, महाराज, माझी पोरगी गेली. अन् तुमी काय म्हणलात—मी बायांत बसले होते, माझ्या कानानं ऐकलं—म्हणलात, आली कुठं होती बाबा, जायला.

लय गार वाटलं त्याला. त्या दिवसापसून डोळ्याला पाणी न्हाई. पोटभर जेवतो, घोरतो. मला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू—म्हणलं, सुटला बिचारा. पर मग लांडग्यानं कोकरू उचललं तर ह्यो बसल्या जागचा हलला न्हाई. म्हणे, लांडगा कुठला अन् कोकरू कुठलं. मीच काठी घेऊन बोंबलत पळाले. बरं, कोकराचं सोडा. काल पाण्यावर जिंतूरकडचा एक म्हातारा मेंढरवाला भेटला, चांगला माणूस, त्यानं सहज इचारलं, सटवाजी, लेकरंबाळं किती. तर ह्यो हसला, महाराज. हसला अन् म्हणला, आमाला लेकरू झालंच न्हाई बाबा. माझ्याकडं बघत म्हणला. मी घागर तिथंच ठेवली. मग मी पोटात काय वागवलं? दूध कुणाला पाजलं, स्वप्नाला? निजामाचं राज गेलं म्हणता—गेलं, कबूल. पर त्या धामधुमीत ज्याचं घर जळालं त्याला जाऊन सांगा घर नव्हतंच म्हणून. राख उचलली हाय त्यानं हातानं.

सबूत मागाल तर काय देऊ मी? फोटो न्हाई, कुठं नाव न्हाई. दिवाळीआधी मी पिंगळीला जाऊन आले, कुणाला न सांगता. बांध सरकवलेला, ज्वारी उभी, जागा घावली न्हाई. हे बोट बघा. बघा म्हणते, डोळे कामून मिटायलात? तोंडात काढा घालताना चावलं तिनं, शेवटच्या दिवशी. दातांचा वण हाय. हा तरी खरा हाय—हाय का? उन्हाळ्यात बुजायलाता त्यो. कामाचा हात, घट्टे पडतेत, रोज फिका व्हायचा. मग मी—हे कुणापाशी बोलले न्हाई मी—मीच चावलं तिथं. तिचे दात बारके होते म्हणून नुसत्या पुढच्या दातांनी. एकदा न्हाई, लय येळा. आता त्यो वण तिचा का माझा, मलाच कळंना. रोज बघते, कळंना. अन् तिकडं त्यो म्हणायलाय लेकरू झालंच न्हाई. वाड्यावरच वाढली ती, तिला नीट बघितलेली आमी दोघंच. त्यातला एक न्हाई म्हणला, अन् दुसरीला तिचा वण वळखू येईना—मग ती होती का न्हाई हे कुणी ठरवायचं?

मला तुमचं ग्यान मोडायचं न्हाई. जग असंल खोटं, असू द्या. त्या खोट्या जगात ती होती, एवढंच कबूल करा. तोंड उघडू नका, नुसती मान हलवा, मी जाऊन सांगते त्याला.

न्हाई? हात कशाला उचलला? आशीर्वाद नको मला. त्यो बी स्वप्नातलाच असंल.

बन्सीधरा, दंड सोड, निघालेच मी. पर महाराज, त्याला जाऊन काय सांगणार ते ऐकून ठेवा. सांगणार, महाराजांनी माझ्यासाठी मौन मोडलं. म्हणले, सटवाजी, तुझी पोरगी होती, ती मेली, रड. बाजारात सांगणार, पाण्यावर सांगणार. बाई खोटं बोलायली म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा.

न्हाई ना? मग तुमीच म्हणलात. बसा आता.