पुडी कोणी खाल्ली

"दुखतं हिले, अन् ताकदीच्या पुड्या तुम्ही खाल्ल्या, पाहुणे?"

"हळू बोला अक्का, लोक ऐकताहेत."

"ऐकू द्या!"

जळगावला लेडी डॉक्टरच्या ओट्यावर मी आईची वाट पाहत होतो. शेजारी फैजपूरकडचे तिघं बसलेले. शालिग्राम, त्याची बायको कोकिळा अन् तिची मोठी बहीण, जी भांडत होती.

"तंबूतला वैद म्हणे, बायको थंड असली तर माणसानं जोर वाढवावा."

"थंड? बाळंतपणातले टाके नीट भरले नाहीत तिचे! डॉक्टरीण आत्ताच तपासून म्हणाली, बरं होईल, पण तोवर जवळ जायचं नाही. दोघंही आत या, समजावते."

"बायांच्या दवाखान्यात मी कशाले जाऊ? मले काय झालं?"

"तुमाले समजत नाही, हेच झालं!"

"कोकिळे, ऊठ. बस सुटेल."

कोकिळा पहिल्यांदाच बोलली.

"दोन वर्षं दात आवळून पडली मी. तुम्ही म्हणे, नखरे करते. आज कुठं दुखतं ते तुमच्यासमोर सांगते. आत या, नाही तर एकटे जा फैजपूरले."

तेवढ्यात नर्सनं तिचं नाव पुन्हा पुकारलं. कोकिळा आत गेली. दाराशी शालिग्रामनं एक चप्पल काढली. दुसरी पायातच.

आई बाहेर आली. मला निघावं लागलं.