पंचेचाळीसचं खोकं

हॅलो? मॅडॉक्स बंदूकवाले… कोण, लोर्ना? अगं, मग बोल की. नुसता श्वास काय ऐकवतेस मला!

हो, हो… ताईच बोलतेय. दुकान उघडंच आहे. हरणांच्या शिकारीचा हंगाम, गिऱ्हाईक जीव खातंय… थांब हं. हॉलिस, त्या डब्याला हात लावू नकोस, देते मी… हं, बोल.

पिस्तुलाच्या गोळ्या? तुला? एकदम आज कशी आठवण झाली?… कर्टचा ट्रक? कुठे?… चर्चच्या मागे. परवा. आणि हे तू मला आज सांगतेस?… अगं, कोर्टानं त्याला तुझ्या आसपास फिरकायची मनाई केलीय. चर्चच्या मागे काय प्रार्थनेला आला होता?… नाही, रागावत नाहीये. बरं, रागावतेय. नवरा तुझा होता, पण भीती मला वाटते त्याची. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

हं, तर गोळ्या… नाही नाही, त्या स्वस्तातल्या नकोत. गोल नाकाच्या, सरावाच्या असतात त्या. आरपार जातात. तुझं ट्रेलरचं घर, भिंत म्हणजे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यापलीकडे ब्रिनचा पलंग… कळलं ना? पोकळ टोकाच्या घे. आत गेल्या की फुलतात, बहुतेक तिथेच थांबतात… हो, महाग आहेत. मी पैसे मागितले का?… मग! तुझ्या पिस्तुलाच्या मापाचं, नऊ एमएमचं खोकं बाजूला ठेवते. ब्रिनला शाळेतून घे आणि पाचला ये.

ते कोण कुंईकुंई करतंय? मूस?… कोठीच्या दाराशी? उंदीर असेल. पिंजरा लाव.

बरं, आता पिस्तुलात काय भरलंय?… मी दिलेल्या? म्हणजे गोल नाकाच्याच. काढ त्या… अगं, आत्ता, मी फोनवर असताना. नळी खाली धर. मॅगझिन काढ. अंगठ्यानं एकेक ढकल… हं. किती निघाल्या?… आठ. बरोबर.

काय म्हणालीस? लाल?… गोळी लाल कशी असेल?… सगळ्या? हलक्या लागतायत हाताला? प्लास्टिकसारख्या?

थांब. थांब जरा…

लोर्ना, ऐक. त्या खोट्या आहेत. शिकाऊ लोकांसाठी असतात, चाप ओढला की नुसतं टक्क… तू नाही भरल्यास, ठाऊक आहे मला. अगं, मीच विकल्या. मंगळवारी. कर्टला… ओरडू नकोस! आधी ऐक ना! त्याला काकाच्या त्या मोठ्या मापाच्या, पंचेचाळीसच्या पिस्तुलासाठी खऱ्या हव्या होत्या. मी म्हटलं, कोर्टाचा हुकूम आहे, एकही मिळणार नाही. केवढी फुशारकी मारली त्याची, गावभर सांगत सुटले! मग म्हणाला, भाच्याला शिकवायचंय, त्या लाल तरी दे, नऊच्या. खोट्या गोळ्यांना कोण कागद विचारतो? आत जाऊन पाकीट आणून दिलं गं मी. पंचेचाळीसवाला माणूस नऊच्या मागतोय, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

म्हणजे मंगळवारनंतर तो तुझ्या घरात येऊन गेलाय. मूस भुंकला कसा ना—… हो गं. कुत्रं त्याचंच.

लोर्ना… मूस अजून कोठीपाशीच आहे?… आणि शेपटी? हलवतोय?

काही बोलू नकोस. उंदराला बघून कुणी शेपटी हलवत नाही. पर्स नको, बूट नकोत, काही नको. दाराकडे चल. हळू.

हॉलिस! तुझ्या फोनवरून शेरीफला लाव. लोर्नाचं घर. कर्ट आत लपलाय… किती वेळ म्हणतात?… चाळीस मिनिटं? अरे देवा… बाहेर जाऊन बोल, जा!

लोर्ना? पोचलीस दाराशी?… लोर्ना?

…

कर्ट.

हो, मीच… कशी असणार, उभी आहे काउंटरला… नाही रे, कुणाला करणार फोन, तुझ्याशीच बोलतेय ना… बरं. बरं. नाही शिकवत तुला.

अरे, ऐक ना. मंगळवारी मी जरा जास्तच बोलले. घरचा माणूस तू… ते काकाचं पंचेचाळीस आहे ना, त्याचं खोकं आहे माझ्याकडे. पन्नास गोळ्या… हो, पोकळ टोकाच्या… कागद नको. कोर्ट गेलं खड्ड्यात. पण आत्ता ये. वीस मिनिटांचा तर रस्ता. चारला आमचे रॉय येतात, त्यांच्यासमोर नाही देता यायच्या.

तिला घेऊन? छे. ती असली तर मी नाही द्यायची, साक्षीदार कशाला हवा?… तिला राहू दे तिथेच. फोन तिच्याकडे दे आणि नीघ.

हॉलिसचं काय विचारतोस? तो गेला केव्हाच… हो. एकटीच आहे. ये.

…

लोर्ना? गेला?… ट्रक निघाला? नक्की?… लागलं का तुला?… हात? हलतोय ना?… बरं. आता शेजारी पळ. ब्रिनला शाळेतच ठेवून घ्यायला सांग… हो, इकडेच येतोय. मीच बोलावलंय त्याला.

रडू नकोस. अगं, रडू नकोस ना… माझं मी बघते. फोन ठेवू दे मला… नाही, खरंच ठेवू दे. काउंटरखालचं माझं पिस्तूल उघडून बघायचंय. मंगळवारी मी पाकीट आणायला आत गेले ना, तेव्हा तो इथे एकटाच उभा होता.