तात्यांची पाठ

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती बघा, तेव्हा शेजारचे तात्या आमच्या दारात वाकूनच उभे राहिले. दुष्काळी कामावर खडीची पाटी उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली होती. आमचा बाळू पायाळू, म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी आलेले. अशा पोरानं पाठीवर पाय दिला की उसण जाते म्हणतात.

"सूनबाई, पोराचा पाय लाव गं."

"तात्या, दीड वर्षाचा झाला, अजून पाऊल टाकत नाही हो. मला लई घोर लागलाय."

"मला काय त्याला खडी फोडायला न्यायचाय? पाय तेवढा लाव."

तात्या घोंगडीवर पालथे पडले. मी बाळूला काखेला धरून त्यांच्या कमरेवर उभा केला.

"धरून काय ठेवलंस? भार पडू दे की!"

भीत भीत मी हात सोडले. तर पोरगं डुलत डुलत थेट मानेपर्यंत गेलं!

"अहो तात्या, चालला!"

"चालला व्हय, पन उसन खाली हाय!"

"हलू नका तुम्ही! परत चालू दे."

तासाभरानं तात्यांना सोडलं, तर ते पळतच घरी गेले. मग बाळूला जमिनीवर उभा केला, तो लगेच बुड टेकून बसला. अजूनही तो चालतो, पण पाठीवरच.

म्हणून सांगते, कामावर कुणाची उसण भरली तर आमच्याकडं धाडा. काही द्यायला नको. फक्त माणूस जरा उंच बघा, तात्यांची पाठ आता त्याला पुरत नाही.