समुद्राच्या आईचा बाप

बर्फाळ उत्तरेतल्या आमच्या छोट्या विमानतळावर हिमवादळानं विमान अडलं होतं. माझ्या शेजारच्या बाकावर दगडाच्या मूर्ती घडवणारा जामासी आणि पाहुण्यांना सोडायला आलेली त्याच्या गल्लीतली म्हातारी मिआलिया बोलत बसली होती.

"ऊविलूला भेटायला निघालास ना? कशी आहे रे पोर?"

"गारठून काळी पडलेली तीन बोटं डॉक्टरांनी कापली, मावशी. शिकारीला मीच नेलं होतं तिला. माझा हातमोजा वाऱ्यानं उडाला, तर तिनं स्वतःचा काढून दिला."

"आणि तू?"

"घेतला."

"हं. या फडक्यात काय आहे?"

"समुद्राची आई."

"पुन्हा तीच? बापानं होडीतून ढकललेली, काठ धरला म्हणून बोटं तोडलेली?"

"तीच. त्या बोटांचे सील झाले, म्हणून आपण जगलो."

"बापाला तर तू कधी चेहराच देत नाहीस. म्हणतोस, असल्याचं तोंड कोण बघणार."

"या वेळी दिलाय."

"बघू. अरे, हा तर तूच!"

"हो."

"आणि हे पोरीला दाखवणार? दवाखान्यात?"

"दाखवायला नको?"

"ती काय म्हणाली फोनवर?"

"म्हणाली, बाबा, इथं नुसता उकडलेला कोबी देतात. सीलचं मांस घेऊन ये."

"घेतलंस?"

"दगडच एवढा जड झालाय, मावशी. दोन्ही कसं नेणार?"

"मग दे तो इकडे. मी ठेवते घरी. जा, मांस घेऊन ये. विमान काही पळून जात नाही."

जामासीनं मूर्ती पुन्हा फडक्यात गुंडाळली. मग मूर्ती तिच्या मांडीवर ठेवून, टोपी कानांवर ओढून तो बर्फात बाहेर पडला.